बीओएम, एनएमआय आणि मधले आकाश : अंतर-वेळ गणकाच्या प्रकल्प नोंदी

काम : ठाण्यात, नौपाड्यातल्या एका तिकीट-कार्यालयाच्या काउंटरसाठी छोटा गणक. दोन विमानतळ तीन अक्षरी कोडने (मुंबईचा बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय) निवडायचे. हवाई अंतर, उड्डाणाचा वेळ आणि तिथल्या घड्याळाप्रमाणे पोचण्याची वेळ मिळाली पाहिजे. भाषा पायथन. काउंटरवर इंटरनेट अधूनमधून जाते, म्हणून विमानतळांची यादी मशीनवरच ठेवायची.

सोमवार, २२ डिसेंबर २०२५

पहिली आवृत्ती तासाभरात झाली. हॅव्हरसाइन सूत्र (गोलावरच्या दोन बिंदूंमधले अंतर काढणारे), पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१.००९ किमी. मुंबई (१९.०८८७ उत्तर, ७२.८६७९ पूर्व) ते दिल्ली (२८.५६६५ उत्तर, ७७.१०३१ पूर्व) : १,१३८ किमी, म्हणजे ६१५ सागरी मैल. १ सागरी मैल = १.८५२ किमी, अगदी नेमका.

वेळेसाठी सध्या अंतर भागिले ताशी ९०० किमी ठेवले आहे. दिल्लीला १ तास १६ मिनिटे. काउंटरवरच्या ताईंनी आकडा बघून विचारले, "हे विमान धावपट्टीवर चालत नाही का?" प्रश्न बरोबर आहे. अंतर हे या कामातले सोपे प्रकरण, वेळ अवघड.

मंगळवार, २३ डिसेंबर

विमानतळांची यादी. हाताशी असलेली जुनी यादी आणि अवरएअरपोर्ट्स या विमानतळांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळाची ताजी सीएसव्ही फाइल ताडून पाहिली. जुन्या यादीत तीन ठिकाणी कोड बरोबर, पण जागा चुकीची :

हैदराबाद (एचवायडी) अजून बेगमपेटला होते. मार्च २००८ मध्ये शमशाबाद सुरू झाल्यावर कोड तिकडे गेला. फरक सुमारे २५ किमी.

बेंगळुरू (बीएलआर) जुन्या एचएएल विमानतळावर. मे २००८ पासून कोड देवनहळ्ळीचा. फरक २७-२८ किमी.

इस्तंबूल (आयएसटी) अतातुर्कवर. एप्रिल २०१९ मध्ये कोड नव्या विमानतळाला मिळाला, अतातुर्कला आयएसएल. फरक ३३ किमी.

विमानतळ हलतो, कोड तोच राहतो. त्यामुळे ही चूक कधी ओरडून सांगत नाही. आकडा थोडासाच चुकतो आणि खपून जातो. यादी बदलताना प्रत्येक कोडची जुनी-नवी जागा ताडायची आणि ५ किमीहून जास्त सरकलेले सगळे हाताने तपासायचे, असा नियम केला.

गोव्याचे उलटे. तिथे कोड दोन आहेत (दाभोळी जीओआय, मोपा जीओएक्स) आणि गिऱ्हाईक नुसते "गोवा" म्हणते. मुंबईहून दाभोळी ४२५ किमी, मोपा ३८७ किमी. शोधात शहराचे नाव टाकले की सगळे कोड दिसले पाहिजेत, पहिला आपोआप निवडला जाता कामा नये.

संध्याकाळी एक मजेशीर भानगड. विंडहूकचा देश रिकामा येत होता. नामिबियाचा देश-कोड "एनए" आणि पांडास (पायथनमधले तक्ते वाचणारे साधन) "एनए" हे "माहिती नाही" असे वाचते. मग लक्षात आले की खंडाच्या रकान्यात उत्तर अमेरिकेचा कोडही "एनए"च आहे, म्हणजे अमेरिका-कॅनडा सगळेच खंडाविना पडले होते. फाइल वाचताना कीप-डिफॉल्ट-एनए हा पर्याय बंद केला. आता रिकामा रकाना तेवढा रिकामा.

बुधवार, २४ डिसेंबर

सरकारी वैमानिकी पुस्तिकेत अक्षांश-रेखांश अंश-मिनिट-सेकंदात असतात. कोणीतरी त्यातून हाताने चार विमानतळ भरले होते आणि १९ अंश ५ मिनिटे हे १९.०५ असे लिहिले होते. खरे १९.०८३. फरक ०.०३३ अंश, जमिनीवर ३.७ किमी. साठाचा भागाकार विसरला की असेच होते. मिनिटे जितकी जास्त तितकी चूक मोठी : ५९ मिनिटे ".५९" लिहिली तर जवळजवळ ४४ किमी.

तपासणीची युक्ती : पूर्ण यादीत दशांशानंतरचे पहिले दोन आकडे मोजायचे. खऱ्या दशांश अंशांत ६० ते ९९ सुमारे चाळीस टक्के वेळा यायला हवेत. एखाद्या गटात ते एकदाही आले नाहीत तर तो गट मिनिटांचा आहे.

गुरुवार, २५ डिसेंबर

आज नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. कोड एनएमआय. यादीत नोंद होती. जागा नकाशावर उलव्याशी जुळवून घेतली, सुमारे १८.९९ उत्तर, ७३.०७ पूर्व. बीओएमपासून सरळ रेषेत २५ किमीच्या आत.

काउंटरवर दिवसभर हाच प्रश्न येणार हे उघड आहे : "नवी मुंबईहून जवळ पडेल की लांब?" आकडे काढून ठेवले. दिल्ली : बीओएमहून १,१३८, एनएमआयहून १,१४० किमी. दुबई : १,९२६ आणि १,९५०. दुबईचे २४ किमी म्हणजे हवेत दोन मिनिटेसुद्धा नाहीत. फरक पडतो तो जमिनीवर. ऐरोली, वाशी, बेलापूरवाल्यांचा प्रश्न सोपा आहे. घोडबंदर रोडवाल्यांचा नाही. रस्त्याचा वेळ या गणकात मुद्दाम घेतलेला नाही. कळव्या-विटाव्याची कोंडी सूत्रात बसत नाही.

शनिवार, २७ डिसेंबर

गोल की लंबगोल? हॅव्हरसाइन पृथ्वीला चेंडू धरते. जीपीएसचे डब्ल्यूजीएस-८४ मानक तिला दोन्ही ध्रुवांशी किंचित चपटी धरते : विषुववृत्तीय त्रिज्या ६,३७८.१३७ किमी, ध्रुवीय ६,३५६.७५२. जिऑग्राफिकलिब (लंबगोलावरचे अंतर काढणारा तयार कोड) लावून ताडले.

मुंबई-दिल्ली : चेंडूवर १,१३८, लंबगोलावर सुमारे १,१३५. चेंडूने तीन-साडेतीन किमी जास्त दाखवले.
मुंबई-दुबई : चेंडूवर १,९२६, लंबगोलावर सुमारे १,९२८. इथे कमी दाखवले.

दिशा उलटली हे आधी चूक वाटले. चूक नाही. आपल्या अक्षांशांत उत्तर-दक्षिण वक्रता जास्त असते, तिथली प्रभावी त्रिज्या ६,३४५ किमीच्या आसपास; पूर्व-पश्चिम ती ६,३८० च्या वर जाते. सरासरी ६,३७१ या दोघींच्या मध्ये. म्हणून दिल्लीकडे चेंडू लांब मोजतो आणि दुबईकडे आखूड. फरक फार तर अर्ध्या टक्क्याच्या आसपास.

प्रवाशाला तीन किमीने काहीच होत नाही, पण लंबगोलाचे गणित लावायला एकच ओळ जास्त लागते, म्हणून तेच ठेवले. व्हिन्सेंटीचे १९७५ चे सूत्र मुद्दाम घेतले नाही. पृथ्वीच्या जवळजवळ नेमक्या विरुद्ध टोकांच्या जोड्यांवर ते उत्तराशी येऊन थांबतच नाही, फिरत राहते. कार्नीच्या पद्धतीत (२०१३) हा दोष नाही. मुंबईच्या नेमके विरुद्ध टोक प्रशांत महासागरात आहे. तिथून ईस्टर बेटसुद्धा नऊशेहून जास्त किमी दूर, त्यामुळे आपले गिऱ्हाईक त्या खड्ड्यात पडण्याचा संभव कमीच.

सोमवार, २९ डिसेंबर

वेळेचे प्रकरण आजपासून. आधी शब्द ठरवले, कारण कार्यालयात तिघे जण तीन गोष्टींना "फ्लाइट टाइम" म्हणत होते.

हवेतला वेळ : चाके धावपट्टीवरून उचलल्यापासून टेकेपर्यंत.
ब्लॉक टाइम : पार्किंगमधून मागे ढकलल्यापासून (पुशबॅक) दुसरीकडे पार्किंगला लागेपर्यंत. तिकिटावरच्या दोन वेळांमधले अंतर हेच.

विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर बहुतेक वेळा पहिला दिसतो. तो तिकिटाशी ताडला तर गणक नेहमीच "चुकलेला" वाटेल.

ब्लॉक टाइमचे तुकडे असे मांडले (ए३२० वर्गाचे, देशांतर्गत मार्गांवरचे नेहमीचे जेट विमान) :

अंतरात वाढ. विमान बृहद्वृत्तावरून (गोलावरच्या सर्वांत जवळच्या वाटेने) सरळ जात नाही. निघताना-उतरताना वळसे, मधे हवाई मार्ग. आयसीएओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) कार्बन गणकातली भर उचलली : ५५० किमीपर्यंत ५० किमी, ५,५०० पर्यंत १००, त्यापुढे १२५.

समतल उड्डाणाचा वेग. मॅक ०.७८, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ०.७८ पट. ३५,००० फुटांवर प्रमाण तापमानात ध्वनीचा वेग सुमारे ५७६ नॉट (ताशी सागरी मैल), म्हणून ४५० नॉट, ताशी ८३३ किमी. सुरुवातीचे ९०० जरा उदारच होते.

चढण्याचा तोटा. ३५,००० फुटांपर्यंत सुमारे २० मिनिटे आणि ११० सागरी मैल. तेच मैल पूर्ण वेगाने १५ मिनिटांत झाले असते. तोटा ५ मिनिटे.

उतरण्याचा तोटा. वैमानिकांचा ठोकताळा तीनास एक : दर हजार फुटांना तीन सागरी मैल, म्हणजे १०५ मैल. १०,००० फुटांखाली २५० नॉटची मर्यादा, मग रांगेत लागणे. तोटा ९ मिनिटे धरला.

जमिनीवर : निघताना १८, पोचल्यावर ८ मिनिटे.

दिल्ली : १,१३५ + १०० = १,२३५ किमी = ६६७ सागरी मैल. ४५० नॉटने ८९ मिनिटे, तोटा १४, जमिनीवर २६. एकूण १२९ मिनिटे, २ तास ९ मिनिटे. वेळापत्रकांत साधारण सव्वादोन तास दिसतात. पहिल्या दिवसाच्या १ तास १६ मिनिटांपेक्षा हे माणसात आले.

मोपा : ३८७ + ५० = ४३७ किमी. हवेत ३१ + १४, जमिनीवर २६. ७१ मिनिटांपैकी खरे "अंतर कापणे" निम्म्याहूनही कमी. कोकण रेल्वेने जाणाऱ्याला हे पटणार नाही, पण गोव्याच्या विमानप्रवासात टॅक्सी, चढ आणि उतारच जास्त असतो.

मंगळवार, ३० डिसेंबर

छत्रपती संभाजीनगरला सूत्र अडले. अंतर २७९ किमी, भर धरून ३२९, म्हणजे १७८ सागरी मैल. चढाईला ११० आणि उताराला १०५ मिळून २१५ लागतात. समतल टप्पा उणे ३७ मैल! कोडने तक्रार केली नाही, उणे मैलांचा उणे वेळ निमूट बेरजेत घातला.

प्रत्यक्षात अशा छोट्या पल्ल्यावर विमान इतके वर जातच नाही. दुरुस्ती : चढ आणि उतार मिळून अंतराच्या दोन-तृतीयांशात बसेपर्यंत उंची दोन-दोन हजार फुटांनी खाली आणायची. वेगही त्या उंचीचा घ्यायचा. एटीआर-७२ या पंख्याच्या छोट्या विमानाला वेगळा तक्ता, वेग २७५ नॉट. तिथे जेटचे आकडे लावणे म्हणजे एसटीला राजधानीचे वेळापत्रक लावणे.

दुपारी ढोबळ पडताळा झाला. मुंबईच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरणारी विमाने पूर्वेकडून, घणसोली-कोपरखैरण्याच्या बाजूने रांगेत येतात. धावपट्टीच्या टोकापासून कोपरखैरणे सुमारे १४ किमी. तीन अंशांच्या उतारावर तिथे विमान २,३०० ते २,५०० फुटांवर असायला हवे. उतरण्याच्या तक्त्यानेही २,४०० दिले. दिल्लीहून, म्हणजे उत्तरेकडून येणारे विमानही पूर्वेला जाऊन मग पश्चिमेला तोंड करते. ९ मिनिटांतली काही तिथेच जातात.

शुक्रवार, २ जानेवारी २०२६

वारा. आजचा दिवस यातच गेला.

लंडन हीथ्रो, अंतर सुमारे ७,२१३ किमी (चेंडूवर). गणक जाताना ८ तास आणि येताना साडेनऊ दाखवत होता. काउंटरवरच्या कोणालाही विचारा, उलटे आहे हे लगेच सांगेल. हिवाळ्यात वरचे पश्चिमी वारे जोरात असतात, ते जाताना समोरून लागतात.

कारण असे. हवामानाच्या अहवालात "२७० अंश, ८० नॉट" म्हणजे वारा २७० अंशांकडून, पश्चिमेकडून येतोय. विमानाची दिशा मात्र ते कुठे चाललेय ती. कोडने दोन्ही "कुठे" धरले. त्यात भर म्हणजे अंकीय हवामान-प्रारूपातून येणारे यू (पूर्व-पश्चिम) आणि व्ही (उत्तर-दक्षिण) घटक "कुठे" याच पद्धतीचे असतात : यू अधिक म्हणजे वारा पूर्वेकडे जातोय. एका फाइलला चिन्ह बदलायचे, दुसरीला नाही. दोन्ही स्रोत आत येतानाच यू-व्हीमध्ये बदलून घेतले. पुढे कुठेही अंशातला वारा वापरायचा नाही. एककही तपासले : प्रारूप मीटर प्रति सेकंद देते, १ मीटर प्रति सेकंद = १.९४४ नॉट.

कायमची चाचणी लिहिली : जानेवारीत मुंबई-लंडनचा वेळ लंडन-मुंबईपेक्षा जास्त आलाच पाहिजे, नाहीतर आवृत्ती बाहेर जाणार नाही.

दुसरी चूक जास्त शहाण्यासारखी दिसत होती. पूर्ण मार्गाला एकच दिशा धरली होती. बृहद्वृत्तावर दिशा सतत बदलते : मुंबई सोडताना ३१९ अंश, म्हणजे वायव्येला, आणि लंडनला पोचताना जवळजवळ सरळ पश्चिम. मुंबईजवळ पश्चिमी वारा तिरका लागतो, युरोपात तोंडावर. मार्गाचे शंभर-शंभर किमीचे ७२-७३ तुकडे केले, प्रत्येक तुकड्याची दिशा आणि तिथला २५० हेक्टोपास्कल पातळीवरचा (सुमारे ३४,००० फूट) वारा घेतला. मधले बिंदू अक्षांश-रेखांशांची सरळ सरासरी काढून घ्यायचे नाहीत. नकाशावरची सरळ रेषा पकडली (कायम एकाच दिशेने जाणारी), तर लंडन ७,४०९ किमी होते, १९६ किमी फुकट.

तिसरी : वाऱ्याची "सरासरी शून्य" म्हणून तो सोडून द्यावा, असा प्रस्ताव आला. जाऊन-येऊन फिटंफाट होत नाही. १,००० सागरी मैल, वेग ४५०, वारा ८०. जाताना ३७० नॉटने १६२ मिनिटे, येताना ५३० ने ११३. बेरीज २७५. वारा नसता तर २६७. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहते, म्हणून तोटाच जास्त.

लंडनसाठी मोठ्या विमानाचा वेग ४८५ नॉट, मार्ग ४,०५० सागरी मैल आणि सरासरी ४० नॉट वारा धरला : जाताना ९ तास ६ मिनिटे, येताना ७ तास ४३, नुसते समतल. तफावत ८३ मिनिटे. वेळापत्रकांशी हे जुळते.

सोमवार, ५ जानेवारी

बंद आकाश. पाकिस्तानने एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानकंपन्यांना हवाई हद्द बंद केली आहे. भारतानेही तसेच केले. (२०१९ मध्येही फेब्रुवारी ते जुलै ती बंद होती.) मुंबई-लंडन बृहद्वृत्त कराचीजवळून जाते, त्यामुळे भारतीय कंपनीसाठी ते चालत नाही.

बहुभुज, छेद वगैरे भारी गणित सुरू केले होते, ते सोडले. त्याऐवजी "मधला बिंदू" हा रकाना दिला. मस्कतजवळचा बिंदू धरला : मुंबई-मस्कत १,५९० + मस्कत-लंडन ५,८३४ = ७,४२४ किमी. मुंबईला २११ किमीचा, पंधरा मिनिटांच्या आतला फटका. दिल्लीहून मात्र हाच बिंदू धरला तर हजाराहून जास्त किमी वाढतात. म्हणून "लंडनला एक तास वाढला" ही बातमी मुंबईच्या गिऱ्हाइकाला तशीच ऐकवायची नाही.

बंदी कंपनीच्या देशावर आहे, विमानतळावर नाही. एकाच जोडीला कंपनीनुसार दोन अंतरे येऊ शकतात. रकान्याला तारीख आणि कंपनीचा देश जोडला.

बुधवार, ७ जानेवारी

घड्याळ. लंडनचा फरक साडेचार तास असा पक्का लिहिलेला सापडला. उन्हाळ्यात साडेचार, हिवाळ्यात साडेपाच. दुबई कायम दीड तास, काठमांडू आपल्या पुढे १५ मिनिटे. सगळे पक्के आकडे काढून झोनइन्फो (पायथनमधली देशोदेशीच्या वेळांची सोय) लावले. बेरीज फक्त यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाण वेळेत). स्थानिक वेळ अगदी शेवटी, छापताना.

चाचणी : मुंबईहून २९ मार्च २०२६, पहाटे १:३० ला निघाले, ब्लॉक १० तास ५ मिनिटे. निघताना यूटीसी २८ मार्च २०:००, पोचताना २९ मार्च ०६:०५. त्या दिवशी यूटीसी १:०० ला ब्रिटनची घड्याळे तासभर पुढे जातात, म्हणून हीथ्रोवर ७:०५ वाजलेले असतील. निघतानाचा फरक वापरला तर ६:०५ येते आणि न्यायला आलेला माणूस तासभर आधी येऊन उभा राहतो.

शुक्रवार, ९ जानेवारी

सॅन फ्रान्सिस्को : १३,५११ किमी. आकडा ठीक, नकाशा बिघडला. रेषा ७६-७७ उत्तर अक्षांशापर्यंत चढते, १८० रेखांश ओलांडते आणि पडद्यावर उजवीकडून डावीकडे आडवा दांडा ओढते. १८० वर रेषा तोडून दोन भाग केले.

दिल्लीचे धुके. या महिन्यात सकाळच्या उतरणाऱ्यांना हवेत घिरट्या घालाव्या लागतात. याचे मिनिटांत सूत्र करायचे नाही असे ठरले; डिसेंबर-जानेवारीत पहाटे ते सकाळी दहापर्यंत दिल्लीला पोचणाऱ्यांवर फक्त "धुके : पुढची जोडणी ढिली ठेवा" अशी ओळ येईल.

सोमवार, १२ जानेवारी

छापील चिठ्ठीचा मजकूर पक्का. आधी "१ तास ४३ मिनिटे" असे छापत होतो. मिनिटाचा नेमकेपणा खोटा आहे. आता पाचाच्या पटीत आणि दोन्ही वेळा वेगळ्या :

मुंबई (बीओएम) – दिल्ली (डीईएल)
सरळ हवाई अंतर १,१३५ किमी
हवेत अंदाजे १ ता. ४५ मि.
गेट ते गेट अंदाजे २ ता. १० मि.
नेमक्या वेळेसाठी तिकीट पाहा

शेवटची ओळ ताईंच्या आग्रहाने. कंपन्या वेळापत्रकात थोडी ढील ठेवतात, कारण १५ मिनिटांच्या आत पोचलेले विमान वेळेवर धरले जाते. ती ढील कंपनीगणिक वेगळी असते.

राहिलेले : जमिनीवरचे १८ + ८ हे बीओएमच्या गर्दीवर बेतलेले आहेत, एनएमआयला तेच लागू करणे बरोबर नाही; दोन-तीन महिने निघण्या-पोचण्याच्या वेळा टिपून वेगळा आकडा घालायचा. वाऱ्याचा हिवाळी तक्ता जूनच्या आधी बदलायचा. पावसाळ्यात दक्षिण भारतावर वरचा वारा पूर्वेकडून वाहतो, आणि जानेवारीची ती कायमची चाचणी चेन्नईच्या जोडीला तेव्हा लावली तर बरोबर आवृत्तीच अडवून धरेल.